वेगाची नळी आणि परभणीचा एकेरी मार्ग

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ या गुंतवणूक परिषदेत व्हर्जिन समूहाचे प्रमुख रिचर्ड ब्रॅन्सन यांनी राज्य शासनाबरोबर एक इरादा करार केला. मुंबई ते पुणे हे अंतर ‘हायपरलूप’ने पंचवीस मिनिटांत पार होईल, दोन-तीन वर्षांत प्रात्यक्षिक मार्ग उभा राहील, वर्षाला पंधरा कोटी प्रवासी फेऱ्या होतील आणि तीस वर्षांत ५५ अब्ज डॉलरचा सामाजिक-आर्थिक लाभ पदरात पडेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. २०१९ च्या मध्यास राज्य मंत्रिमंडळाने या योजनेला सार्वजनिक पायाभूत सुविधा प्रकल्प म्हणून मान्यताही दिली. वांद्रे-कुर्ला संकुल ते वाकड असा ११७.५ किलोमीटरचा मार्ग, खर्च सुमारे ७० हजार कोटी रुपये, आणि त्याआधी पाच हजार कोटींचा ११.८ किलोमीटरचा प्रायोगिक टप्पा असा तो आराखडा होता. आज त्या मार्गाचा एक खांबही उभा नाही. ज्या कंपनीबरोबर करार झाला, तिने २०२३ च्या अखेरीस आपला गाशा गुंडाळला.

या कथेपासून शेकडो किलोमीटर दूर, मराठवाड्यातील परभणी जंक्शनवर ऑगस्ट २०२५ मध्ये एक वेगळी घटना घडली. जालन्यापर्यंत धावणारी मुंबईची ‘वंदे भारत’ नांदेडपर्यंत वाढविण्यात आली आणि परभणीला तिचा थांबा मिळाला. ताशी १६० किलोमीटर वेगाची क्षमता असलेली ही गाडी नांदेड ते मुंबई हे सुमारे ६१० किलोमीटरचे अंतर साधारण साडेनऊ तासांत कापते. म्हणजे तिचा सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पडतो. गाडी अत्याधुनिक असूनही तिला वेग का गाठता येत नाही, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात कमी आणि रुळांत अधिक आहे. छत्रपती संभाजीनगर ते परभणी हा १७७ किलोमीटरचा पट्टा दुहेरी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तीच मुळी जुलै २०२५ मध्ये.

एकीकडे निर्वात नळीतून ताशी हजार किलोमीटर वेगाने जाण्याचे स्वप्न आणि दुसरीकडे समोरून येणाऱ्या गाडीसाठी ‘क्रॉसिंग’ला उभी राहणारी एक्स्प्रेस, ही दोन्ही चित्रे एकाच राज्यातील आहेत. म्हणूनच या तंत्रज्ञानाचा विचार मुंबई-पुण्याच्या चष्म्यातून न करता एकदा परभणीच्या फलाटावरून करून पाहणे उद्बोधक ठरेल.

कल्पना जुनी, नाव नवे

नळीतील हवा काढून टाकली तर तिच्यातून धावणाऱ्या वाहनाला होणारा विरोध जवळजवळ नाहीसा होतो, ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमध्ये थोर अभियंता इझाम्बार्ड ब्रुनेल याने १८४७-४८ मध्ये ‘वातदाबाची रेल्वे’ प्रत्यक्ष चालवली होती. रुळांच्या मधोमध नळी, तिच्यात हवा ओढणारे पंप आणि त्या दाबाच्या फरकावर खेचली जाणारी गाडी अशी ती रचना होती. गाडी उत्तम धावली. परंतु नळीच्या फटीवरील चामड्याची झडप टिकेना. ती कडक होई, फाटे, हवा आत शिरे. वर्षभरात हा उद्योग बंद करावा लागला. पुढे रॉकेटशास्त्राचे प्रवर्तक रॉबर्ट गोडार्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निर्वात नळीतील चुंबकीय गाडीची कल्पना मांडली. ऑगस्ट २०१३ मध्ये इलॉन मस्क यांनी ‘हायपरलूप’ हे नाव देऊन तिला नवा जन्म दिला. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को ३५ मिनिटांत, कमाल वेग ताशी सुमारे १,२२० किलोमीटर आणि खर्च अवघा सहा अब्ज डॉलर, असा तो प्रस्ताव होता.

यामागील विज्ञान खोटे नाही, हे आरंभीच मान्य करावयास हवे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. जमिनीवरील वाहतुकीच्या वेगाला जी मर्यादा पडते, तिचे मोठे कारण हेच आहे. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरील विरळ हवेचा आश्रय घेते. हायपरलूप तीच विरळ हवा, किंबहुना तिच्याहून कितीतरी विरळ हवा, जमिनीवर नळीत निर्माण करू पाहते. त्यात चाकांऐवजी चुंबकीय उत्तोलन आले, की घर्षणही संपते. ऊर्जेची बचत, पाऊस-धुक्यापासून मुक्ती, विमानाला पर्याय आणि विजेवर चालत असल्याने धुराचा अभाव ही सारी आश्वासने आकर्षक आहेत. ती तत्त्वतः असाध्यही नाहीत.

नळीच्या आतले धोके

अडचण तत्त्वात नसून विस्तारात आहे. मस्क यांच्या प्रस्तावात नळीतील दाब वातावरणाच्या सुमारे एक सहस्रांश कल्पिलेला होता. याचा अर्थ नळीच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागावर बाहेरच्या हवेचा सुमारे दहा टनांचा भार अहोरात्र राहणार. अशी नळी काही मीटर नव्हे, तर शेकडो किलोमीटर उभी करावयाची आणि तिचा एकही सांधा गळू द्यायचा नाही. ब्रुनेलच्या चामड्याच्या झडपेपासून आपण खूप पुढे आलो आहोत हे खरे, पण सांध्याचा प्रश्न मात्र तोच आहे.

परभणीकरांना सहज पटेल असे एक उदाहरण घेऊ. या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि थंडीची लाट आली की पाच अंशांच्याही खाली उतरतो. चाळीस अंशांचा हा फरक गृहीत धरला, तर शंभर किलोमीटर लांबीची पोलादी नळी उन्हाळा-हिवाळ्यात सुमारे ४८ मीटरने लांब-आखूड होऊ पाहील. हे प्रसरण सामावून घेणारे सांधे ठेवावे लागतील आणि ते सांधे हवाबंदही असावे लागतील. प्रयोगशाळेच्या आवारातील चारशे मीटरच्या नळीला हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. मराठवाड्याच्या काळ्या, पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात भेगाळणाऱ्या जमिनीत खांब रोवणाऱ्याला तो पहिल्याच वर्षी भेटेल.

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. विमानातील हवेचा दाब अचानक घटला तर मुखवटे खाली येतात आणि वैमानिक काही मिनिटांत विमान खालच्या दाट हवेत आणतो. नळीतील बंद डब्याला, ज्याला ‘पॉड’ म्हणतात, उतरण्यासाठी अशी जागाच नाही. बाहेरचा दाब इतका कमी, की तेथे प्राणवायूचा मुखवटा पुरा पडणार नाही. संपूर्ण विभागात तातडीने हवा सोडणे हाच उपाय. पण तसे करताना मागून-पुढून धावणाऱ्या इतर डब्यांचे काय करायचे, अडकलेल्या प्रवाशांना उंच खांबांवरील नळीतून किंवा बोगद्यातून बाहेर कसे काढायचे, याची उत्तरे कागदावर आहेत. पूर्ण लांबीच्या मार्गावर ती कोणीही तपासलेली नाहीत. आपल्याकडे नवीन रेल्वेमार्गावर प्रवासी गाडी सोडण्यापूर्वी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी लागते. त्या परवानगीमागे दीड शतकाहून अधिक काळातील अपघातांतून शिकलेले नियम उभे आहेत. निर्वात नळीसाठी असा अनुभवसिद्ध नियमसंग्रह अद्याप जगात कोठेही तयार झालेला नाही.

हजाराची घोषणा, तीनशेची सरासरी

आता मुंबई-पुणे प्रस्तावाचीच आकडेमोड करू. ११७.५ किलोमीटर अंतर २३ ते २५ मिनिटांत म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे तीनशे किलोमीटर. हा वेग मोठा आहे, परंतु जपान, फ्रान्स आणि चीनमधील रुळांवरच्या गाड्यांचा कमाल वेग त्याच्या तोडीचा आहे. जाहिरातीतला हजाराचा आकडा आणि आराखड्यातील तीनशेची सरासरी यांत एवढे अंतर का पडते? उत्तर साधे आहे. ताशी हजार किलोमीटर वेगाने वळण घेताना, गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश इतका आडवा जोर प्रवाशांनी सोसावा असे मानले, तरी वळणाची त्रिज्या सुमारे ३९ किलोमीटर असावी लागते. निम्मा जोर सोसायची तयारी ठेवली तरी ती पंधरा किलोमीटरहून अधिक भरते. बोर घाटाच्या प्रदेशात अशी सरळ रेषा आखायची, तर डोंगर पोखरण्यावाचून गत्यंतर नाही, आणि खर्चाचा बोजा नळीपेक्षा बोगद्याचाच अधिक होणार.

प्रवासी संख्येचा हिशेबही असाच तपासून पाहण्यासारखा आहे. वर्षाला पंधरा कोटी फेऱ्या म्हणजे दिवसाला सुमारे चार लाख. अठरा तास सेवा चालली, तर दर तासाला एका दिशेने अकरा हजारांवर प्रवासी न्यावे लागतील. एका पॉडमध्ये २८ प्रवासी धरले, तर दर नऊ सेकंदांनी एक पॉड सोडावा लागेल. ताशी तीनशेच्या वेगात नऊ सेकंदांत पॉड साडेसातशे मीटर पुढे जातो. पण प्रवाशांना हिसका न बसता थांबायचे तर त्याला पावणेदोन किलोमीटर लागतात. म्हणजे पुढच्या पॉडला काही झाले, तर मागच्याला थांबण्यास पुरेसे अंतरच उरत नाही. पॉडचे जथे करून किंवा आणीबाणीत जोरकस ब्रेक लावून यातून मार्ग काढता येईल असे अभियंते म्हणतात. तसा तो निघेलही. परंतु ज्या यंत्रणेने असे अंतर कधी राखून दाखवलेले नाही, तिच्या भरवशावर पंधरा कोटींचा आकडा जाहीर करणे हे धाडसच म्हणावे लागेल.

प्रत्यक्षात घडले ते असे. नेवाडाच्या वाळवंटातील पाचशे मीटरच्या नळीत या कंपनीच्या रिकाम्या पॉडने २०१७ मध्ये ताशी ३८७ किलोमीटर वेग गाठला. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रथमच माणसे बसली, तेव्हा वेग होता ताशी १७२ किलोमीटर. त्याच चाचणीत पुण्याचे अभियंते तनय मांजरेकर यांनीही प्रवास केला, ही मराठी मनाला सुखावणारी बाब. परंतु फ्रान्सच्या टीजीव्ही गाडीने उघड्या हवेत, लोखंडी चाकांवर, एप्रिल २००७ मध्येच ताशी ५७४.८ किलोमीटर वेग नोंदवला होता, हेही विसरता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी हे तंत्रज्ञान आधी जगात कोठेतरी यशस्वी होऊ द्या, मग पाहू, अशा आशयाची भूमिका घेतली, तेव्हा त्यांच्यावर विकासविरोधाचा ठपका ठेवणारेही निघाले. २०२२ च्या फेब्रुवारीत कंपनीने शंभरावर कर्मचारी कमी करून प्रवाशांऐवजी मालवाहतुकीकडे मोर्चा वळवला, तेव्हा त्या सावधगिरीचे मोल कळले.

‘जगात जर्मनी’चा धडा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यात कौतुकाने आणि थोड्या मिश्किलपणे वापरली जाते. या विषयात मात्र परभणीने जर्मनीकडे गांभीर्याने पाहावे. चुंबकीय उत्तोलनावर धावणारी ‘ट्रान्सरॅपिड’ ही जर्मनीची अभिमानास्पद निर्मिती. तिच्यासाठी एम्सलंड भागात एकतीस किलोमीटरचा चाचणी मार्ग उभारण्यात आला. २२ सप्टेंबर २००६ रोजी त्या मार्गावर देखभालीचे वाहन उभे असतानाच गाडी सोडण्यात आली आणि टक्कर होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. उत्तोलनाच्या तंत्रात दोष नव्हता. मार्ग मोकळा आहे की नाही हे पाहण्यात माणसाची चूक झाली आणि ती चूक पकडणारी यंत्रणा देखभालीच्या वाहनाला लागू नव्हती. पुढे म्युनिकच्या विमानतळ मार्गाचा अंदाजित खर्च पावणेदोन-दोन अब्ज युरोंवरून तीन अब्जांच्या वर गेला आणि २००८ च्या मार्चमध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला. जर्मन तंत्र व्यापारी सेवेत धावले ते फक्त चीनमधील शांघाय विमानतळाच्या तीस किलोमीटरच्या मार्गावर.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. उत्कृष्ट तंत्रज्ञान असणे आणि चालणारी वाहतूक व्यवस्था असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. आणि नव्या वाहनाचा अपघात बहुधा त्याच्या नावीन्यामुळे होत नाही. देखभाल, निरोप, पाळी बदलणे अशा जुन्या, रटाळ कामांतील ढिलाईमुळे होतो.

परभणीचा हिशेब

निजामाच्या काळात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्गाने परभणी जगाशी जोडली गेली. त्या मीटरगेजचे ब्रॉडगेज होण्यासाठी मराठवाड्याला दशकानुदशके झगडावे लागले. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कोठे १९९० च्या दशकात मनमाडहून मोठे रूळ परभणीपर्यंत पोहोचले. पूर्णा-अकोला मार्गाचे रुंदीकरण व्हायला २००८ उजाडले. आता परभणी ते मुदखेड मार्ग दुहेरी झाला आहे. परभणीच्या पश्चिमेकडील, म्हणजे मुंबईच्या दिशेचा मार्ग मात्र अजून त्या प्रतीक्षेत आहे.

परभणीहून मुंबई रेल्वेने सुमारे ५५० किलोमीटर. आजच्या सरासरीने साडेआठ तास लागतात. मार्ग दुहेरी होऊन, सिग्नल सुधारून ही सरासरी ताशी ९० किलोमीटरवर नेता आली, तर हाच प्रवास सहा तासांच्या थोडा वर येईल. म्हणजे जवळपास अडीच तासांची बचत होईल. मुंबई-पुणे हायपरलूपने प्रवाशाचे जितके तास वाचतील असे सांगितले जात होते, तेही साधारण एवढेच! कसाऱ्याचा घाट आणि मुंबईच्या उपनगरी मार्गावरील दाटी या अडचणी दुहेरीकरणाने सुटणार नाहीत, हे मान्य. तरीही खर्चाची तुलना डोळ्यांत भरते. छत्रपती संभाजीनगर-परभणी दुहेरीकरणाचा मंजूर खर्च २,१७९ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे बारा कोटी. मुंबई-पुणे हायपरलूपचा खर्च २०१९ च्या अंदाजानुसार किलोमीटरला सुमारे सहाशे कोटी. त्या नळीच्या चार किलोमीटरहून कमी लांबीच्या पैशांत मराठवाड्याचा १७७ किलोमीटरचा रूळ दुहेरी होतो. दोन्हींचे उद्देश वेगळे आहेत आणि एकाला मार्ग आयता उपलब्ध आहे, हे लक्षात घेऊनही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा थांब्यांचा आहे. समजा, उद्या कोणी परभणीला हायपरलूप देऊ केली. सोसवेल अशा बेताने, दर सेकंदाला सेकंदामागे एक मीटर या प्रमाणात वेग वाढवला, तर ताशी हजार किलोमीटर गाठायला सुमारे ३९ किलोमीटर लागतात आणि थांबायला तेवढेच. परभणी ते जालना अंतर जेमतेम ११५ किलोमीटर. त्यातले ७७ किलोमीटर वेग घेण्यात आणि सोडण्यातच जातील. मानवत रोड, सेलू, परतूर यांना तर थांबा देणे शक्यच नाही. अतिवेगाचा हा स्वभावच आहे की तो टोके जोडतो आणि मधले वगळतो. परभणी आज मुंबई आणि हैदराबाद यांच्या मधली आहे. नळी तिच्या शेतांवरून जाईल, खांब तिच्या कापूस-सोयाबीनच्या रानात उभे राहतील, आणि थांबा बहुधा मोठ्या शहरांच्या वाट्याला जाईल.

मुंबईच्या रुग्णालयात तपासणीसाठी निघालेला रुग्ण, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात तारखेला जाणारा पक्षकार, पुण्याच्या मुलाखतीला निघालेला पदवीधर यांना ताशी हजाराचा वेग हवा असतो असे नाही. त्यांना हवी असते वेळेवर येणारी, वेळेवर पोहोचवणारी, तिकीट परवडणारी आणि आपल्या गावाला थांबणारी गाडी. देवगिरी किंवा नंदीग्रामच्या आरक्षणाची प्रतीक्षा यादी पाहिली, की मागणी कशाची आहे ते कळते.

संशोधन हवे, घाई नको

याचा अर्थ निर्वात नळीचा नाद सोडून द्यावा असा नव्हे. मद्रास आयआयटीने रेल्वे मंत्रालयाच्या साहाय्याने चेन्नईजवळील आपल्या आवारात ४२२ मीटरची चाचणी नळी उभारली असून फेब्रुवारी २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी तिची माहिती जाहीर केली. मंत्रालयाने यासाठी २०२२ मध्ये दिलेले अनुदान ८ कोटी ३४ लाख रुपयांचे होते. नेदरलँड्समध्ये २०२४ मध्ये ४२० मीटरचे चाचणी केंद्र सुरू झाले. चीनने दातोंग येथे दोन किलोमीटरची नळी बांधली. महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये जेएनपीटी आणि वाढवण बंदर यांच्या दरम्यान या तंत्राच्या वापरासाठी मद्रास आयआयटीशी निगडित कंपनीबरोबर सामंजस्य करार केला आहे. माणसांआधी मालाची ने-आण करून पाहणे, परदेशी कंपनीच्या सादरीकरणाऐवजी देशी संस्थेच्या प्रयोगावर विसंबणे, ही दिशा २०१८ च्या तुलनेत अधिक समंजस आहे.

मात्र दोन पथ्ये पाळली जावीत. पहिले असे, की संशोधनाचा पैसा संशोधनाच्या मापाचा असावा. आठ-दहा कोटींचा प्रयोग फसला तरी त्यातून विद्यार्थी शिकतात, पेटंट मिळतात; सत्तर हजार कोटींचा प्रकल्प फसला तर एका पिढीच्या वाटणीचे रूळ, पूल आणि रुग्णालये बुडतात. दुसरे असे, की किमान दहा-पंधरा किलोमीटर लांबीच्या मार्गावर, उन्हाळा-पावसाळा सोसून, दाब गेल्यास प्रवाशांना बाहेर काढण्याची तालीम यशस्वी करून, स्वतंत्र सुरक्षा यंत्रणेचे प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज कोणत्याही शासनाने अशा मार्गासाठी भूसंपादनाची अधिसूचना काढू नये.

मराठवाड्याच्या नागरिकांनीही आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायचा प्रश्न निश्चित करावा. हायपरलूप केव्हा येणार, हा तो प्रश्न नव्हे. अंकाईपासून परभणीपर्यंतचा दुसरा रूळ कोणत्या महिन्यात कोठवर पोहोचला, या वर्षी किती निधी मिळाला आणि त्यातला किती खर्च झाला, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करा, असे त्यांनी म्हणावे. मीटरगेजच्या रुंदीकरणासाठी जेवढी वर्षे गेली, तेवढी दुसऱ्या रुळासाठी जाऊ नयेत, एवढी दक्षता घेतली गेली तरी परभणीकराचे रोजचे दोन-अडीच तास वाचतील. त्यासाठी नळीतली हवा काढण्याची गरज नाही.